क्रियापद एकटं पाठ करू नका

नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या संध्याकाळच्या बॅचला येणाऱ्यांना इंग्रजी येतं. मिहानमधल्या कंपन्यांत दिवसभर तेच बोलून ते आलेले असतात. काळ चुकत नाहीत, शब्दही भरपूर. तरी त्यांच्या ईमेलमध्ये ‘वुई डिस्कस्ड अबाउट द बजेट’ आणि ‘ही एक्स्प्लेन्ड मी द प्रॉब्लेम’ हटकून सापडतं. आपण बजेट‘वर’ चर्चा करतो, कुणी ‘मला’ समजावून सांगतो, आणि हे प्रत्यय तसेच पलीकडे नेतो. डिस्कसला मात्र थेट कर्म लागतं: ‘वुई डिस्कस्ड द बजेट’. एक्स्प्लेननंतर आधी गोष्ट येते, मग ‘टु मी’. सजेस्टचंही तसंच. ‘शी सजेस्टेड मी टु गो’ चालत नाही. ‘शी सजेस्टेड गोइंग बाय मेट्रो’ म्हणा.

तेव्हा पहिलं काम: शब्दकोशात अर्थ बघून थांबू नका. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या कोशात क्रियापदाखाली ‘एसबी’ म्हणजे समबडी आणि ‘एसटीएच’ म्हणजे समथिंग अशा खुणा असतात. ‘एक्स्प्लेन एसटीएच टु एसबी’ एवढीच ओळ वहीत उतरवा. क्रियापदांचे साचे कोशात देण्याची पद्धत रुजवली ए. एस. हॉर्न्बी यांनी. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवत, आणि त्यांचा कोश १९४२ साली टोकियोत निघाला. त्यात क्रियापदांचे २५ साचे होते. तेवढे पाठ करायची गरज नाही. आपले गेल्या महिन्यातले पाठवलेले ईमेल काढा, त्यात सारखी येणारी क्रियापदं निवडा आणि तेवढ्यांचेच साचे बघा. तयार याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही. त्यातली निम्मी क्रियापदं आपण कधी वापरतच नाही.

सगळ्यात जास्त घोळ ‘टु’चा. ‘लुक फॉरवर्ड टु मीट यू’ लिहिणारे बरेच. यावर एक सोपी कसोटी आहे: ‘टु’पुढे ‘द मीटिंग’ ठेवून बघा. ‘आय लुक फॉरवर्ड टु द मीटिंग’ जमतं, म्हणून क्रियापद आलं की त्याला ‘इंग’ लावायचं. ‘आय वाँट टु द मीटिंग’ जमत नाही, म्हणून तिथे मूळ रूप. ‘ऑब्जेक्ट टु’ आणि ‘बी यूज्ड टु’ याच कसोटीने सुटतात. ‘आय ॲम यूज्ड टु ड्रायव्हिंग इन द हीट’ म्हणजे मे महिन्यात वर्धा रोडवर गाडी चालवायची सवय आहे. ‘आय यूज्ड टु ड्राइव्ह’ म्हणजे पूर्वी चालवायचो, आता नाही.

काही क्रियापदांना दोन्ही रूपं चालतात, पण अर्थ फिरतो. ‘आय स्टॉप्ट टु ईट तर्री-पोहा’ म्हणजे रस्त्यात थांबून खाल्ला. ‘आय स्टॉप्ट ईटिंग तर्री-पोहा’ म्हणजे सोडलाच. (असं वाक्य वर्गात ऐकलं की बाकीचे हळहळतात.) ‘रिमेम्बर टु लॉक’ म्हणजे कुलूप लावायचं लक्षात ठेव, ‘रिमेम्बर लॉकिंग’ म्हणजे लावल्याचं आठवतं.

आपल्याकडचा खास त्रास म्हणजे ‘करतोय’ऐवजी ‘करून राहिलो’. ‘मला माहीत होऊन राहिलं’ असं तोंडात बसलेलं असलं की ‘आय ॲम नोइंग’ आपसूक निघतं. नो, ओन, बिलाँग यांना चालू काळ लावू नका.

आता कोलोकेशन, म्हणजे कोणता शब्द कुणाबरोबर येतो ते. आपला ‘कडक’ घ्या. चहा कडक तर ‘स्ट्राँग टी’, ऊन कडक तर ‘स्कॉर्चिंग सन’, नियम कडक तर ‘स्ट्रिक्ट रूल्स’, बंदोबस्त कडक तर ‘टाइट सिक्युरिटी’, शिक्षा कडक तर ‘हार्श पनिशमेंट’. ‘देणे’ही असंच फसवतं: लक्ष देतो ते ‘पे अटेन्शन’, भेट देतो ते ‘पे अ व्हिजिट’, परीक्षा देतो ते ‘टेक ॲन एक्झाम’. कर्ज घेतो ते मात्र ‘टेक आउट अ लोन’. म्हणून वहीत पान इंग्रजी शब्दाचं न करता मराठी शब्दाचं करा: वर ‘कडक’, खाली त्याच्या सगळ्या जोड्या. चूक तिथूनच सुरू होते, तर पहाराही तिथेच बसवलेला बरा.

प्रत्येक जोडीचं एक वाक्य आपल्या दिवसातलं हवं. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा व्यवहार करणाऱ्याने ‘द ट्रेडर रिफ्यूज्ड टु लोअर द प्राइस’ लिहावं. पुस्तकातले जॉन आणि मेरी त्याच्या काय कामाचे? वाक्य मोठ्याने म्हणा आणि त्याच आठवड्यात खऱ्या ईमेलमध्ये घाला.

दोन्ही रूपं बरोबर असतील तिथे उगाच घासाघीस करू नका. ब्रिटिश इंग्रजीत ‘टेक अ डिसिजन’ आणि ‘मेक अ डिसिजन’ दोन्ही चालतात, अमेरिकन लोक सहसा ‘मेक’ म्हणतात. क्लायंट अमेरिकेतला असेल तर ‘मेक’ लिहा.