चर्चमधल्या लग्नात शपथेचा क्षण हुकू नये म्हणून

वसईकडची लग्नं टिपताना नेहमीचा घोळ: शपथेच्या वेळी आपण मधल्या वाटेत आणि समोर नवरा-नवरीच्या पाठी.

मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, शपथ आणि अंगठ्या येतात प्रवचनानंतर. म्हणून फादर बोलत असतानाच बाजूच्या वाटेने पहिल्या बाकाच्या टोकाशी जाऊन थांबा. कुठवर जायचं ते त्यांना आधीच विचारून ठेवा. फ्लॅश बंद, शटर सायलेंट, शटरचा वेग १/१०० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे या वेगाला फोटोत ट्यूबलाइटचे पट्टे सहसा येत नाहीत.

अंगठी घातली की लगेच कॅमेरा खाली घेऊ नका. ती पेरावर अडते, नवरी हसू दाबते. मला तोच फोटो हवा असतो.

पुढे वेदीवर घंटा वाजली, लोक गुडघ्यावर आले, की मात्र जागेवरून हलायचं नाही.