शारजाला निघताय? बॅग इंदुरातच नीट भरा

इंदूरहून शारजाचं थेट विमान सुरू झालं, तेव्हापासून रामबाग-लोकमान्यनगरातल्या मराठी घरांतूनही आई-बाबा मुलांकडे आखातात जाऊ लागले. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दुबई असते. शारजा तिला अगदी लागून आहे, पण तिथले नियम वेगळे आहेत. संयुक्त अरब अमिरातीतलं हे सगळ्यांत कर्मठ शहर. दारूवर पूर्ण बंदी, हॉटेलातसुद्धा. सार्वजनिक ठिकाणी कसं वागावं आणि काय घालावं याचे लेखी नियम 2001 पासून लागू आहेत. तिथं अडचणीत येणारे लोक वाईट वागतात म्हणून येतात असं नाही. घरची सवय तशीच सोबत नेतात, म्हणून येतात. त्यामुळे तयारी घरूनच करायची.

सुरुवात डब्यांपासून. अमिरातीत खसखस नेता येत नाही. तिथं ती अमली पदार्थांत मोजली जाते. नुसती पुडी वगळून भागत नाही. अनारशांवर खसखस असते, करंजीच्या सारणात असते, आणि बऱ्याच घरांच्या गोड्या मसाल्यातही ती भाजून घातलेली असते. सुनेसाठी मसाला न्यायचा असेल तर खसखस न घालता वेगळा करा. विकतचा असेल तर पाकिटावरचे घटक वाचा. मुखवासही तपासा. विड्याची पानं आणि गुटखा तर नकोच. कोटाच्या खिशात राहिलेली पुडीसुद्धा काढून ठेवा.

औषधांत कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप, ट्रामाडॉल, झोपेच्या आणि चिंतेवरच्या काही गोळ्या तिथं नियंत्रित आहेत. आपल्याकडे औषधाच्या दुकानात ती सहज मिळतात, म्हणून लक्षात येत नाही. अशी गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी अमिराती सरकारची ऑनलाइन परवानगी काढा. बीपी-शुगरच्या गोळ्याही मूळ पाकिटातच ठेवा, आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत. गोळ्यांच्या पट्ट्या कापून एका डबीत भरायची आपली सवय इथं नडते. कोणती गोळी कशाची, हे अधिकाऱ्याला कळायला मार्गच उरत नाही.

दुबईला फिरून परत शारजाला येणार असाल तर तिथून बाटली आणू नका. शारजात दारू नुसती जवळ बाळगणं हाही गुन्हाच आहे.

आता कपडे. पुरुषांनी उघड्या अंगानं किंवा अगदी आखूड चड्डीत बाजारात, कार्यालयात जायचं नाही. सकाळी बनियन-बर्म्युड्यावर दूध आणायला खाली उतरणाऱ्या बाबांना हे आधीच सांगून ठेवा. बायकांसाठी पोट किंवा पाठ उघडी टाकणारे, गुडघ्याच्या वर जाणारे, अंगाला चिकटणारे आणि आरपार दिसणारे कपडे नियमात बसत नाहीत. साडी तिथं लोकांच्या रोजच्या पाहण्यातली आहे, तिला कोणी अडवत नाही. पण खोल गळ्याचं, पाठीला नाडी असलेलं ब्लाउज घरीच ठेवा. लांब ब्लाउज घाला आणि पदर खांद्यावर व कमरेपाशी असा दोन ठिकाणी पिनेनं बसवा, म्हणजे सरकत्या जिन्यावर चढताना पोट उघडं पडत नाही. पंजाबी ड्रेस सगळ्यांत सोयीचा. कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या खुशाल असू द्या.

मशीद पाहायची असेल तर खालिद सरोवराच्या काठची अल नूर मशीद निवडा. 2005 साली उघडलेली ही तुर्की धाटणीची मशीद मुसलमान नसलेल्यांनाही मार्गदर्शकाबरोबर पाहता येते. ठराविक दिवशी सकाळीच आत सोडतात, तेव्हा वेळ आधी विचारून घ्या. हात मनगटापर्यंत, पाय घोट्यापर्यंत आणि बायकांचे केस पूर्ण झाकलेले हवेत. रेशमी ओढणी अंबाड्यावरून घसरते. सुती घ्या आणि हनुवटीखाली पिन लावा. सोबत मोजे ठेवा.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. खजराण्याच्या नाहरशाह वलीच्या दर्ग्यात आपण फुलं नेतो, चादर चढवतो. मशिदीत वाहायचं काही नसतं. फूल, उदबत्ती, नारळ, पैसे, प्रदक्षिणा यांतलं काहीही नाही. कुणी नमाज पढत असेल तर त्याच्या पुढून जाऊ नका, मागून वळसा घ्या. कुराणाला हात लावू नका. खाली बसल्यावर पाय पसरू नका. गुडघे दुखत असतील तर खुर्ची मागा, ती मिळते.

फोटो इमारतीचे काढा, माणसांचे विचारल्याशिवाय नाही. काळा अबाया, म्हणजे अंगभर झगा, घातलेल्या बायकांकडे तर कॅमेरा वळवूच नका. परवानगीवाचून काढलेल्या फोटोबद्दल तक्रार झाली तर प्रकरण पोलिसांत जातं. विमानतळ आणि सरकारी इमारतींचेही फोटो नकोत. व्हॉट्सअॅपवर कुणाला शिवी दिली तरी तो तिथं गुन्हा ठरतो, आणि गाडीतून हाताचा अश्लील इशारा केला तरीही.

शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी बरीच दुकानं बंद असतात, त्यामुळे सोन्याची खरेदी संध्याकाळी ठेवा. रमजानात उपासाच्या वेळी रस्त्यावर, बसमध्ये खाऊ-पिऊ नका. पाण्याचा घोटसुद्धा आडोशाला घ्या. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून तिकीट काढण्याआधी तारखा पाहा.

भेटल्यावर 'अस्सलामु अलैकुम' म्हटलं की समोरच्याला बरं वाटतं. बाईशी हात मिळवायला पुरुषानं आपणहून पुढे होऊ नये. तिनं हात पुढे केला तरच मिळवा, नाहीतर उजवा हात छातीवर ठेवून मान लववली की पुरे. नमस्कारही चालतो.

कुणी घरी बोलावलं तर खजूर आणि गहवा येतो. गहवा म्हणजे वेलदोडा घातलेली फिकट, बिनसाखरेची कॉफी. फिंजान नावाची बिनकानाची वाटी अर्धीही भरत नाहीत, आणि त्यात चिक्कूपणा नाही, तीच तिथली रीत आहे. वाटी उजव्या हातानं घ्या. रिकामी करून तशीच हातात धरलीत तर यजमान पुन्हा ओततो, आणि 'नको नको' म्हटलेलं त्याला आग्रहाची वाट पाहणंच वाटतं. पुरे झालं की वाटी दोन-तीनदा डावी-उजवीकडे हलकेच हलवा आणि मग परत द्या.