कारागृहातील गर्दीचे नियोजन: आधी दिवस मोजा, मग बराकी

पुण्यात येरवडा मध्यवर्ती कारागृहातील गर्दीचा विषय निघाला की बोलणे नव्या बराकींवर येऊन थांबते. बराकी हव्यातच, पण नियोजनाची सुरुवात तेथून करू नये. बंदीसंख्या ठरते ती रोज किती जण दाखल होतात आणि प्रत्येकाचा मुक्काम सरासरी किती दिवसांचा असतो यावरून. रोज २० जण येऊन सरासरी ६० दिवस राहत असतील, तर संख्या १,२०० वर स्थिरावते. हाच मुक्काम ५० दिवसांवर आला, तर एकही भिंत न बांधता २०० जागा मोकळ्या होतात.

देशात २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले होते. म्हणून पहिली यादी त्यांचीच करावी. प्रत्येकापुढे दाखल झाल्याची तारीख, कलम, कमाल शिक्षा, पूर्वीची शिक्षा आणि इतर प्रलंबित खटले लिहावेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, तर इतरांनी निम्मा काळ कोठडीत काढला की कारागृह अधीक्षकांनी स्वतःहून न्यायालयाकडे त्याच्या जामिनासाठी लेखी अर्ज करायचा असतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेल्यांना ही सवलत नाही. साध्या चोरीला कमाल तीन वर्षे शिक्षा आहे. त्यात पूर्वी शिक्षा न झालेल्या बंद्याचा अर्ज वर्ष भरण्याच्या महिनाभर आधीच तयार असावा.

दुसरी यादी जामीन मंजूर होऊनही आत राहिलेल्यांची असावी, आणि माझ्या मते सर्वांत जास्त कष्ट हिच्यावर घ्यावेत. शिवाजीनगर न्यायालयाने पंधरा हजारांचा जामीन दिला, पण बांधकामावर मजुरी करणाऱ्या माणसाचे नातेवाईक परजिल्ह्यात, सातबारा कोणाच्याच नावावर नाही आणि जामीनदार मिळत नाही; केवळ गरिबीपायी माणूस असा अडकून पडणे हा उघड अन्याय आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकांनी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, आणि महिनाभरात जामीनदार न मिळाल्यास न्यायालय अट शिथिल करण्याचा विचार करू शकते. त्याच वर्षी आलेल्या केंद्राच्या योजनेतून गरीब कच्च्या कैद्याला जामिनासाठी आर्थिक मदत मिळू शकते. तो अर्जही सोबतच भरावा.

दोन्ही याद्या जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील आढावा समितीपुढे ठेवाव्यात. मागील बैठकीत सुटकेची शिफारस होऊनही जे आतच आहेत, त्यांची नावे सर्वांत वर लिहावीत आणि प्रत्येकापुढे अडलेले काम व ते करणाऱ्या अधिकाऱ्याचे पद नोंदवावे.