गोळी किती फुलली, किती उरली: तुलना कशी करावी

आमच्याकडे तूर भरायला लागली की डुकरं वावरात घुसतात न सकाळी पाहावं तं अर्धं पीक आडवं. वनखात्याची लेखी परवानगी आणि बंदुकीचा परवाना दोन्ही नसेल तं हा विषय सोडाच, पण ज्यांच्याकडे आहे ते भाऊ पण दुकानात जाऊन "जोरदार गोळी द्या" एवढंच म्हणतात. डुक्कर जखमी होऊन पऱ्हाटीत शिरलं की तेही तडफडतं आणि सकाळी कापूस वेचायला गेलेल्या बायांच्याही जीवावर बेततं, म्हणून गोळी पारखता आलीच पाहिजे. लागल्यावर ती किती फुलते, म्हणजे रुंद होते, आणि तिचं किती वजन उरतं, यावरून ती पारखायची.

आधी मूळ वजन. डब्यावर ग्रेन लिहिलेले असतात ते फक्त पुढच्या गोळीचे, अख्ख्या काडतुसाचे नाही, इथंच बरेच जण फसतात. 1 ग्रेन म्हणजे 0.0648 ग्रॅम, म्हणजे 180 ग्रेनची गोळी 11.66 ग्रॅम.

चाचणी नेमबाजीच्या रेंजवरच, तिथल्या माणसाच्या देखरेखीखाली, वावरात किंवा नाल्यात अजिबात नाही. रात्रभर भिजवलेल्या रद्दीचे गठ्ठे एकामागं एक घट्ट बांधून ठेवा, त्यात गोळी झाडा, किती इंचावर गोळी सापडली ते लगेच लिहा. नीट फुललेली गोळी बोंड फुटल्यासारखी दिसते, तांब्याच्या कवचाच्या पाकळ्या मागं वळलेल्या न मधात काळपट शिसं. त्या पाकळ्यांखाली कागदाचा लगदा अडकून बसतो आणि वजन खोटं वाढवतो, म्हणून पाण्यात भिजवून मऊ ब्रशनं काढा, टोकदार वस्तूनं कोरू नका, पूर्ण वाळू द्या. शिसं हाताला लागतं, हात साबणानं धुवा.

आता सोनाराकडच्या काट्यावर वजन करा. समजा 8.16 ग्रॅम भरलं, भागिले 11.66, गुणिले 100, म्हणजे 70 टक्के उरली. मग व्हर्नियरनं, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीनं, फुललेल्या गोळीची सर्वात रुंद आणि सर्वात अरुंद जागा मोजून सरासरी काढा. 7.82 मिलिमीटरची गोळी 15 झाली तं 1.92 पट फुलली, पण समोरचं क्षेत्रफळ जवळपास 3.7 पट झालं, म्हणून जास्त फुललेली गोळी लवकर अडते, वाऱ्यात छत्री उघडल्यासारखं.

नुसत्या टक्क्यावर जाऊ नका, हे मी कळकळीनं सांगतो. साध्या सॉफ्ट नोजमध्ये, म्हणजे टोकाला शिसं उघडं असलेल्या गोळीत, शिसं आणि कवच सुटं होऊ शकतं. बॉन्डेड गोळीत दोन्ही चिकटवलेले असतात म्हणून वजन जास्त टिकतं. अख्ख्या तांब्याची गोळी जवळपास पूर्ण उरते पण लांबवर वेग कमी पडला की उघडतच नाही, मग 100 टक्के उरून काय फायदा, बारीक भोक पडतं न डुक्कर पळतं. आणि 1948 पासून बनणारी नॉस्लर कंपनीची पार्टिशन गोळी, तिच्यात मधात तांब्याची भिंत आहे, पुढचा भाग झडतो, मागचा खोल जातो, म्हणजे तिथं कमी टक्के हा दोष नाहीच.

कंपनीचे आकडे पाहताना माध्यम कोणतं, म्हणजे गोळी कशात झाडली, ते पहा. 10 टक्के जिलेटिन (जेलीसारखा ठोकळा) 4 अंश सेल्सिअसला ठेवून केलेली चाचणी आणि आपली ओली रद्दी, यांत गोळी किती खोल गेली ते एकमेकांशी जुळवायचं नाही. एकाच गठ्ठ्यात, एकाच बंदुकीतून, एकाच अंतरावरून, प्रत्येक जातीच्या निदान 3 गोळ्या.

अंतर तं वहीत लिहाच. माझ्या पहिल्या 3 गोळ्यांचं राहून गेलं, चांगल्या फुललेल्या आहेत, पण 50 मीटरच्या की 100 च्या ते आता सांगता येत नाही, म्हणून त्या तुलनेत धरताच येत नाहीत.