जग्वार ई-टाइपचे छायाचित्र आणि त्याच्या प्रती
१९६१ साली जिनिव्हात प्रथम सादर झालेल्या जग्वार ई-टाइप या स्पोर्ट्स कारचे खरे सौंदर्य तिच्या लांबलचक बॉनेटच्या वळणांत आहे. म्हणून सूर्योदयापूर्वीच्या मऊ उजेडात, कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर ठेवून, ८५ मिलिमीटरच्या लेन्सने थोडे दुरून छायाचित्र घ्यावे, कारण वाइड लेन्सने जवळून टिपल्यास ही वळणे ताणली जातात. पोलरायझर हा लेन्सवर लावायचा फिल्टर काचेवरची आणि रंगावरची चकाकी कमी करतो, क्रोमवरची मात्र नाही. तिथे आपलेच प्रतिबिंब उमटलेले नाही ना, हे दरवेळी तपासावे. विक्रीच्या प्रतींची छपाई सुती कागदावर पिगमेंट शाईने, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या शाईने करावी. प्रतींची संख्या आधीच जाहीर करून प्रत्येकीवर क्रमांक व सही करावी, आणि ती संख्या नंतर कधीही वाढवू नये. विक्रीपूर्वी गाडीच्या मालकाची लेखी परवानगी घ्यावी.