वाढ्यावरची बकरी आणि चुनखडीचा हिशेब

आमच्या चिकोडी भागात मेंढराला बकरंच म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते. आप्पांच्या हयातीत आमची बकरी माळावर फिरायची. दहा जातीचा पाला खाऊन त्यांना लागणारे क्षार त्यातूनच मिळायचे, वर मिठाचा खडा दिला की झालं. आता माळ उसाखाली गेला. कारखाने सुरू झाले की माझी बेचाळीस बकरी उसाचं वाढं म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा आणि शेंगपेंडीवर म्हणजे भुईमुगाच्या पेंडीवर असतात. यानं पोट भरतं, पण क्षारांचा तोल जातो.

हे मला एका मेंढ्यानं शिकवलं. माघात चिंचलीच्या मायाक्काची जत्रा असते, त्याआधी विकायचा म्हणून दोन महिने त्याला कोंडा आणि भरडा हात सोडून घातला. एका सकाळी तो पाठ ताणून कण्हत होता, मूत थेंबथेंब. डॉक्टरांनी मुतखडा सांगितला, पण तोवर उशीर झाला होता. कोंड्यात आणि धान्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. असं खाणं चाललं की नराच्या बारीक मूत्रनळीत खडे अडकतात. खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावं, हे धरून चाला.

माझं मिश्रण असं. मका भरडा 5 किलो, शेंगपेंड 3 किलो, कोंडा 2 किलो. या दहा किलोत फॉस्फरस साधारण 50 ग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम 10 ग्रॅम. म्हणून जनावरांच्या खाद्यासाठी मिळणारी चुनखडीची भुकटी 250 ग्रॅम मिसळते. तिच्यात 38 टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे 95 ग्रॅमची भर पडते आणि हिशेब दुपटीवर येतो. कोंडा वाढवला तर भुकटीही वाढवावी लागते. वर 100 ग्रॅम मीठ. मिठानं बकरी जास्त पाणी पितात आणि लघवी पातळ राहते. मोठ्या बकऱ्याला रोज पावशेर हे मिश्रण पुरतं. भुकटी आधी थोड्या भरड्यात चोळा, मग सगळ्यात कालवा, नाहीतर ती तळाशी बसते.

वाढ्याची गोष्ट वेगळी. त्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. बरेच जण त्यावर चुन्याची निवळी शिंपडतात. शिंपडा, पण तेवढ्यावर विसंबू नका. लिटरभर पाण्यात चुना पावणेदोन ग्रॅमच्या आसपासच विरघळतो, म्हणजे दहा लिटरच्या आख्ख्या बादलीत कॅल्शियम नऊ-दहा ग्रॅम. बेचाळीस जीवांत ते कुठं पुरणार? त्यापेक्षा वाढं हळूहळू, आठ-दहा दिवसांत वाढवत न्या, म्हणजे पोटातले जंतू ऑक्झलेट पचवायला सरावतात. सोबत बांधावरच्या शेवरीचा किंवा हादग्याचा पाला द्या, त्यात कॅल्शियम चांगलं असतं. गाभण बकरीला शेवटच्या महिन्यात नुसत्या वाढ्यावर तर कधीच ठेवू नका.

आता सगळ्यात कळकळीनं सांगायचं ते तांब्याबद्दल. गाई-म्हशींची क्षार भुकटी गोठ्यात असतेच, तीच बकऱ्यांना घालायचा मोह होतो. ती घालू नका, तिच्यात तांबं बकऱ्यांना झेपणार नाही एवढं असतं. तांबं बकऱ्याला लागतं, पण अगदी थोडं. किलोभर सुक्या खाण्यात 7 ते 11 मिलिग्रॅम बास, आणि 25 च्या वर गेलं की धोका. जादाचं तांबं त्यांचं शरीर नीट बाहेर टाकत नाही, ते काळजात म्हणजे यकृतात साठत जातं. महिनोन् महिने काही दिसत नाही. मग एक दिवस डोळे पिवळे, मूत गडद लाल आणि दोन-तीन दिवसांत बकरं जातं. आमच्या शेजारच्या वाड्यात पाच बकरी अशीच गेली. शेळीला चालतं म्हणून बकऱ्याला चालेल असं नाही. कोंबड्यांचं खाद्यही या कारणानं टाळा. पिशवीवर ‘मेंढ्यांसाठी’ लिहिलेलीच क्षार भुकटी घ्या आणि पिशवीवर दिलेल्या मापानंच घाला.

सकाळी वाडा उघडला की मी आधी नरांच्या मागं उभी राहते. धार नीट पडते का बघते. शेपटी हलवत जोर करतोय, पोटाकडं वळून बघतोय असं दिसलं तर खुराक तिथंच बंद, आणि डॉक्टरांना त्याच वेळी फोन.