मुलांची अंघोळ खेळकर करताना या चुका टाळा

लहान मूल अंघोळीला नको म्हणू लागले की घरात बहुधा एकच उपाय सुचतो, तो म्हणजे आणखी खेळणी आणणे. बदके, होड्या, रंगीत फेस, भिंतीला चिकटणारी अक्षरे असे सगळे एकदमच पाण्यात पडते, मूल जरा वेळ याला हात लाव, त्याला हात लाव असे करते आणि मग चिडचिड सुरू होते. वास्तविक एक ते चार वर्षांच्या मुलाला पाणी हाच पुरेसा मोठा खेळ असतो. एकदा नुसती गाळणी आणि एक वाटी देऊन शेजारी शांत बसून पाहावे. मूल गाळणी बुडवते, वर उचलते, बारीक धारा पडताना निरखते, मग दुसरा हात त्या धारांखाली धरून मूठ मिटते आणि मुठीत काय आले ते उघडून बघते. हेच ते दहा वेळा करते. त्या दहा वेळा करण्यातच त्याचे शिकणे चाललेले असते, म्हणून मध्येच ‘असं नाही, असं कर’ म्हणून सांगू नये. ही चूक हौशी पालकांकडूनच अधिक होते. एका वेळी दोन-तीन वस्तू पुरेत, आणि त्यांचा कंटाळा आला की त्या बदलाव्यात.

डोक्यावरून पाणी घेताना मूल किंचाळते, त्याला हट्ट समजणे ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. मान मागे झुकवली की कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला आपण पडत असल्याची जाणीव होते, त्यात डोळ्यांत साबण जाण्याची धास्ती आणि कानावरून धो-धो वाहणारे पाणी, हे सारे त्या जिवावर एकाच क्षणी येते. अशा वेळी घाईने मगभर पाणी ओतून मोकळे झाले, तर पुढच्या वेळी मूल स्नानगृहाच्या दारातच अडून बसते. त्याऐवजी एक हात मानेखाली घट्ट धरावा, छताला चिकटवलेल्या चित्राकडे बघायला सांगावे किंवा कोरडा नॅपकिन डोळ्यांवर त्याचा त्यालाच धरू द्यावा आणि ‘आता तीन वेळा पाणी’ असे आधी सांगून तीनदाच ओतावे. आदल्या दिवशी बाहुलीचे डोके त्याच्याकडून धुऊन घेतले, तर निम्मी भीती तिथेच उतरते. अंग चोळतानाही हलका, गुदगुल्यांसारखा स्पर्श काही मुलांना असह्य होतो; त्यांना तळहाताचा ठाम, संथ दाब आवडतो.

आवाजाकडे आपले लक्षच नसते. फरशी लावलेल्या बंद खोलीत नळाचा आवाज घुमतो, म्हणून पाणी आधी भरून घ्यावे आणि मगच मुलाला आत आणावे. टबाचे बूच काढल्यावर होणाऱ्या गुळगुळ आवाजाने दोन-तीन वर्षांची मुले खरोखर घाबरतात, कारण पाण्याबरोबर आपणही त्या भोकातून जाऊ, असे त्यांना वाटते. ‘काही होत नाही’ म्हटल्याने ही भीती जात नाही. मूल बाहेर आल्यावरच बूच काढले की प्रश्न उरत नाही.

पाणी ३७ ते ३८ अंश सेल्सिअस असावे. प्रौढांच्या तळहाताला कोमट लागणारे पाणी बाळाला कढत वाटू शकते, त्यामुळे कोपर बुडवून किंवा तापमापकाने खात्री करावी. आधी थंड आणि मग गरम पाणी घ्यावे, नीट ढवळावे आणि गिझर ४९ अंशांच्या वर ठेवू नये. ६० अंशांच्या पाण्याने मुलाची त्वचा काही सेकंदांतच गंभीर भाजते.

आता पाण्यात काय घालू नये, ते पाहू. सुवासिक फेसाने काही मुलांची त्वचा कोरडी पडते आणि लघवीच्या जागी जळजळ होते, म्हणून तो रोज नको. वापरलाच तर शेवटच्या पाच मिनिटांपुरता. पाण्यात फुगणारे जेलचे मणी गोळ्यांसारखे दिसतात, गिळल्यास पोटात फुगून आतडे अडवू शकतात, आणि संवेदनांच्या खेळांच्या नावाखाली ते सर्रास सुचवले जातात, याची मला मनापासून काळजी वाटते. ते घरातच नसावेत. दाबल्यावर पिचकारी मारणारी रबरी खेळणी वरून स्वच्छ दिसली, तरी पोटात पाणी धरून ठेवतात. २०१८ मध्ये स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतील संशोधकांनी वापरलेली अशी खेळणी कापून पाहिली, तेव्हा आत जिवाणूंचा आणि बऱ्याच खेळण्यांत बुरशीचाही थर आढळला. भोक नसलेली खेळणी घ्यावीत आणि ती रोज निथळून वाळवावीत.

या सगळ्याच्या वर एक नियम आहे. टॉवेल राहिला, फोन वाजला, दारावर कोणी आले, तरी मुलाला पाण्यात सोडून क्षणभरही जाऊ नये. जावेच लागले तर त्याला उचलून सोबत न्यावे. अवघ्या ५ सेंटिमीटर पाण्यातही बाळ बुडू शकते आणि ते बहुतेकदा आवाज न करता बुडते. टबात बाळाला बसवायची बैठक ही सोय आहे, संरक्षण नव्हे, आणि लक्ष ठेवायला थोरल्या भावंडाला बसवणे हेही योग्य नाही.

खेळ रंगला की मूल बाहेर यायला तयार होत नाही, आणि आपण अचानक उचलले की आरडाओरडा होतो. ‘पाच मिनिटे’ म्हणजे किती हे त्याला कळत नाही, पण ‘अजून पाच वाट्या ओतायच्या’ हे कळते. पाचवी वाटी त्यालाच ओतू द्यावी, टॉवेलात घट्ट गुंडाळून अंग टिपावे, त्वचा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे आणि त्याला दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवून किंवा कडेवर घेऊन टब आणि बादली लगेच रिकामी करून पालथी घालावी.